दुखलं नाही म्हणून गेलेलं बोट

लोक विचारतात, खूप दुखलं असेल ना? नाही दुखलं. दुखलं असतं तर बोट राहिलं असतं.

माझ्या डाव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट नांदेडच्या एका दवाखान्यात कापलं. तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते आणि हट्ट्याजवळच्या एका उपकेंद्रावर नर्स होते. पोलिओचे डोस, गरोदर बायांच्या नोंदी, तापाच्या गोळ्या आणि वरून येणारा प्रत्येक सर्व्हे ज्या बाईच्या माथी मारलेला असतो, ती बाई म्हणजे मी. गाव मला सिस्टर म्हणायचं. या सिस्टरला स्वतःच्या पायाला झालेली जखम दिसली नाही, हे मी आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे इतरांवर रागावायला मोकळी झाले.

बोट गेल्यावर सहा महिन्यांनी माझ्या हातात एक अर्ज आला. पुण्याच्या एका रुग्णालयात वर्षभर राहून शुगरच्या माणसांचे पाय बघायला शिकायचं. फक्त पाय. त्यासाठी पक्की सरकारी नोकरी पणाला लावायची, कारण रजा मिळाली तर बिनपगारी, नाही मिळाली तर राजीनामा. जावं की न जावं, हा प्रश्न आमच्या घरात चार महिने चालला आणि त्यावर सगळ्यांनी आपापलं मत दिलं. तो निर्णय कसा झाला ते सांगायचं तर आधी आजार सांगावा लागेल. शांतपणे लिहायचं असं ठरवून बसले होते, पण ते जमेल असं दिसत नाही.

विटकरी रंग

नोकरी लागून जेमतेम वर्ष झालं होतं. उपकेंद्रात गरोदर बायांची लघवी तपासायचं काम माझ्याकडे होतं. निळं औषध परीक्षानळीत घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. निळंच राहिलं तर ठीक, रंग बदलला तर शुगर. त्या महिन्यात मला सारखी तहान लागायची, ब्लाउज ढिले झाले होते. काम संपल्यावर सहज म्हणून मी माझीच लघवी तपासली. नळीतला रंग हिरवा झाला, पिवळा झाला आणि विटकरीवर येऊन थांबला. मी दिवा विझवला, नळी धुतली आणि परत एकदा तपासली. मग खाली बसून रडले.

पुसेगावला माहेरी जाऊन सांगितलं. बाबांचं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे. ‘कोनाला सांगितलं तर न्हाईस ना?’

मी एकवीस वर्षांची होते, लग्नाची होते. बाबांना माझ्या रक्तातल्या साखरेपेक्षा माझ्या स्थळाची काळजी होती. पुढच्याच वर्षी हट्ट्याचं स्थळ जमलं. मुलगा प्राथमिक शाळेत शिक्षक. यांना घरात-बाहेर सगळे गुरुजी म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते. माझी शुगर या लोकांना कोणीच सांगितली नाही. लग्नानंतर चौथ्या दिवशी मीच गुरुजींना सांगितली. ते भांडले नाहीत, बाबांना दोषही दिला नाही. फक्त म्हणाले, सध्या आईला नको सांगू.

ते ‘सध्या’ तीन वर्षं चाललं. इन्सुलिनची बाटली उपकेंद्राच्या माठात प्लॅस्टिकच्या डबीत घालून ठेवायची, सकाळचं इंजेक्शन आदल्या संध्याकाळी सिरिंजमध्ये भरून पिशवीतून आणायचं आणि न्हाणीघरात घ्यायचं, संध्याकाळचं औषधांच्या खोलीत दाराआड. घरी पाहुणे असले की सकाळचा डोस चुकायचा, सुट्टी असली की संध्याकाळचा. सणावाराला तर दोन्ही. असे किती डोस गेले ते मी मोजले नाहीत, शरीर मात्र एकही विसरलं नाही. शेवटी सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, माझ्या पिशवीत सिरिंज सापडली. त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, ‘मला काहून न्हाई सांगितलं? मी काय खाऊन टाकनार होते तुला?’ त्या दिवसापासून त्या माझ्या जेवणाची वेळ सांभाळू लागल्या. म्हणजे तीन वर्षं जिच्या भीतीनं मी डोस चुकवले, तिला त्याचं काहीच वाटलं नाही. या गोष्टीचा राग मला सगळ्यात जास्त येतो, आणि तो कोणावर काढावा हेही कळत नाही.

जोडवं

उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी अंगणात पाय ठेववत नाही. शेवटची दोन वर्षं मी मात्र अनवाणी जाऊन वाळवण उलटवून यायची. आत्याबाई शेजारणींना कौतुकानं सांगायच्या, ‘सून आमची लई काटक, चटका लागत न्हाई तिला.’ आणि मला, शिकलेल्या नर्सला, त्याचा अभिमान वाटायचा. पाय बधिर झालेत हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आता हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला शुगर असेल आणि तापलेल्या फरशीचा चटका लागत नसेल, तर कृपा करून कौतुक करून घेऊ नका. उठा आणि दवाखान्यात जा.

जोडवी मी लग्नापासून काढली नव्हती. आमच्याकडे ती काढत नाहीत. चांदीची वेढ्याची जोडवी, लग्नात घट्ट बसवलेली. उपकेंद्राच्या गावांत पायी फिरून पाय सुजायचा, वेढा बोटात रुतायचा, सूज उतरली की सैल व्हायचा. हे असं किती दिवस चाललं होतं कोणास ठाऊक. एका सकाळी आत्याबाईंना फरशीवर लालसर डाग दिसले. स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत. त्यांना वाटलं मांजरानं काही आणलं. डाग माझ्या पायापाशी येऊन थांबत होते. जोडव्याखालची कातडी गेली होती, बोट जांभळट झालं होतं आणि चांदी मांसात बसली होती.

गुरुजी म्हणाले, सोनाराकडून कापून आणू. आत्याबाई दारात आडव्या झाल्या. धनी जिवंत असताना सवाष्णीचं जोडवं कापायचं नाही, निघायचं तर सरळ निघेल. मग साबण लावून झाला, गोडं तेल झालं, दोरा गुंडाळून ओढून झालं. हळदीचा लेप झाला. दोन दिवस हा उद्योग चालला. आणि मी बसून राहिले. लोकांच्या जखमा बघताना मी स्वतः सांगायची, हळद भरू नका, बाई. माझ्याच पायावर हळद भरत होते आणि मी पाय पुढे करून बसले होते, कारण दुखत नव्हतं, आणि न दुखणाऱ्या बोटासाठी सासूशी वाद कशाला घालायचा असं मला वाटलं. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला तेव्हा गुरुजींनी कोणाला न विचारता मला स्कूटरवर घातलं. वसमतला सोनारानं जोडवं कापलं. आतलं बोट बघून त्यानं मान फिरवली.

डोळे मिटा

नांदेडच्या दवाखान्यात सर्जननं बघितलं आणि मोईनभाईंना हाक मारली. मोईनभाई ड्रेसिंग करायचे. साठीचा माणूस, पांढरी दाढी, उभं आयुष्य कुष्ठरोगाच्या कामात घालवून निवृत्त झालेले आणि मग इथे लागलेले. त्यांच्या हातात मासे धरायच्या गळाच्या नायलॉन दोरीचा एक तुकडा होता, काडीला बांधलेला. ‘आँखें बंद करो बहन. जहाँ लगा, वहाँ बोलना.’

मी डोळे मिटले. वाट बघितली. बराच वेळ झाला तसं मी म्हटलं, भाई, सुरू करा ना.

ते म्हणाले, ‘हो गया. दोनों पाँव का हो गया.’

मला ती परीक्षा चांगली माहीत होती. कुष्ठरोगाच्या सर्व्हेत मी स्वतः ती शेकडो लोकांवर केली होती. चट्टा दिसला की डोळे मिटायला लावायचे, पेनच्या टोकानं हळूच स्पर्श करायचा, कळलं का विचारायचं. दारोदार जाऊन लोकांचे डोळे मिटवणाऱ्या बाईनं एकदाही घरी येऊन स्वतःच्या तळव्याला पेन लावलं नव्हतं. त्या टेबलावर पडल्या पडल्या मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

बोट दुसऱ्या दिवशी काढलं. बोटच गेलं, पाय राहिला, हे नशीब म्हणायचं असं सगळे सांगत होते. मला त्या शब्दाचा वीट आला होता.

दवाखान्यात बावीस दिवस काढले. सकाळी ड्रेसिंगची गाडी खडखडत यायची आणि वॉर्डातल्या गप्पा बंद पडायच्या. ओरडणाऱ्या बायांचा मला हेवा वाटायचा, त्यांचा पाय जिवंत होता. गुरुजी शाळा करून एक दिवसाआड यायचे, खुर्चीतच झोपायचे. त्यांच्या रजा संपत आल्या होत्या, तरी ते माझ्यासमोर तो विषय काढत नसत. आमची आठ वर्षांची प्राजू आत्याबाईंकडे होती. तिला सांगितलं होतं, आईच्या पायाला लागलंय. आत्याबाई एसटीनं आल्या, भाकरी आणि शेपूची भाजी घेऊन. सर्जन राउंडला आले तेव्हा आत्याबाईंनी एकच प्रश्न विचारला, ‘डॉक्टरसाहेब, आता जोडवं कोन्या बोटात घालायचं?’ सर्जन पुढच्या खाटेकडे गेले. मला आधी हसू आलं. मग इतका संताप आला की मी भाकरी तशीच परत दिली. आत्याबाई ती पदराखाली धरून संध्याकाळपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून होत्या, असं मोईनभाईंनी नंतर सांगितलं. त्याचंही वाईट वाटलं, पण राग गेला नाही.

मोईनभाई मात्र रोज अर्धा तास माझ्या पायाशी बसायचे. हात हलका. जखम धुता धुता शिकवायचे: बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेव, नख सरळ काप, चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून बघ, रोज आरशात तळवा बघ. एकदा म्हणाले, ‘सब के डाक्टर हैं बहन. आँख का, दिल का, दाँत का. पाँव को कोई नहीं पूछता, जब तक काटना न पड़े.’

काळी चप्पल

घरी आले ती जाड काळ्या रबराची, पट्ट्यांची चप्पल घालून. तळ मऊ, खिळा एकही नाही. मोईनभाईंच्या ओळखीच्या एका कारागिरानं मापानं करून दिली होती. अशी चप्पल आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे, कारण ती कुष्ठरोगाच्या माणसांना सरकार वाटायचं. पहिल्याच पोलिओच्या दिवशी एका बाईनं माझ्या पायाकडे पाहिलं आणि लेकरू मागे ओढलं. हीच बाई, जिचं ते लेकरू माझ्या हातावर जन्मलं होतं. घरी येऊन चप्पल भिंतीवर फेकून मारली. प्राजूनं ती उचलून आणली, आतून हात फिरवून बघितली आणि माझ्यासमोर ठेवली. संध्याकाळी आरसाही तीच धरायची.

अर्ज

तपासणीला गेले असताना सर्जननं अर्ज पुढे केला. म्हणाले, परदेशात पायांचे वेगळे तज्ज्ञ असतात, पोडियाट्रिस्ट म्हणतात त्यांना, कित्येक वर्षं शिकतात. आपल्याकडे तसं काहीच नाही. पुण्यात माझा एक मित्र नर्सेसना वर्षभर शिकवतो, तुम्ही जाल का? मी विचारलं, पुढे काय? ते प्रामाणिक माणूस होते. पद नाही, पगाराची हमी नाही, प्रमाणपत्राला सरकार विचारेल याचीही खात्री नाही.

घरी अर्ज टीव्हीवर ठेवला आणि जो येईल तो त्यावर बोलू लागला. माहेरून भाऊ आला. म्हणाला, ‘नर्स झालीस ते ठीक. आता लोकाच्या टाचा घासायच्या? आपन काय जोडे शिवनारे हाओत का?’ मी त्याला सांगितलं की माझा उरलेला पाय जोडे शिवणाऱ्या माणसानंच राखलाय, त्यामुळे जरा तोंड सांभाळून. तो चहा न घेता गेला. आत्याबाईंचं म्हणणं, पाय धरावेत ते देवाचे नाहीतर थोरामोठ्यांचे. मी विचार करत राहिले, आपण जन्मभर उठता बसता पाया पडतो आणि त्या पायाला भेग आहे की जखम, हे एकदाही बघत नाही. गुरुजींनी नाही म्हटलं नाही. त्यांनी पेन्शनचा हिशेब सांगितला, प्राजूची शाळा सांगितली आणि म्हणाले, बघू. ते ‘बघू’ ऐकून मला ते जुनं ‘सध्या’ आठवायचं आणि मी भांडी आपटायची.

पण खरं सांगायचं तर मलाही भीती होती. वर्षभर लेकीला सोडायचं. बत्तीसाव्या वर्षी बधिर पायांवर उभं राहून शिकायचं. परत येऊन बसायचं कुठे, आणि पाय दाखवायला येणार कोण? रात्री ठरवायची जायचं, सकाळी उपकेंद्राचं रजिस्टर उघडलं की वाटायचं, आहे ते काय वाईट आहे.

अर्जावर एका सहीची गरज होती, आपल्याला ओळखणाऱ्या डॉक्टरची. वसमतचे एक डॉक्टर दहा वर्षं माझी शुगर बघत होते. गुरुजी स्कूटरवर घेऊन गेले. वाटेत म्हणाले, सही घेऊन ठेव, जायचं का नाही ते सावकाश ठरवू. मलाही तेच सोयीचं वाटलं.

दवाखान्याच्या दारात नेहमीची पाटी होती: चपला बाहेर काढाव्यात. पायरीवर चपलांचा ढीग. मला आता अनवाणी चालायची बंदी होती, म्हणून मी काळी चप्पल घालूनच आत गेले. कंपाउंडर मागून ओरडत आला. डॉक्टरांनी टेबलावरून वाकून माझ्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘सिस्टर, तुम्ही तरी चप्पल बाहेर काढायची.’

दहा वर्षांत त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं ते हे पहिल्यांदा.

मी खुर्चीत बसले. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, चढला. ‘डॉक्टर, दहा वर्षं मी चप्पल बाहेर काढून तुमच्यासमोर उघड्या पायानं बसले. दर महिन्याला. तुमी रिपोर्ट बघितला, जीभ बघितली, बीपी बघितलं. पाय टेबलाखाली होते माझे, बोटासकट. एकदा तरी वाकून बघायचं होतं ना.’

त्यांचा चेहरा पडला. गर्दी खूप असते, असं काहीतरी म्हणाले. मग अर्ज ओढून सही केली, शिक्का मारला आणि घंटी वाजवली. पुढचा पेशंट आत आला. सत्तरीचा म्हातारा, धोतर, शेळ्यांचा वास, पाय उघडे, कारण त्यानं शहाण्यासारखी चप्पल बाहेर काढली होती. बसला आणि रिपोर्ट पुढे केला. डॉक्टर रिपोर्ट वाचू लागले.

मी दारापर्यंत गेले आणि परत आले. खाली फरशीवर बसले आणि म्हाताऱ्याचा पाय मांडीवर घेतला. तो दचकला, ‘माय, पायाला नको शिवू,’ म्हणत पाय ओढू लागला. मी सोडला नाही. टाचेच्या वर, मऊ जागी, बाभळीचा काटा पूर्ण आत गेलेला, भोवती पू धरलेला. आठवडा तरी झाला असेल. कंपाउंडरला स्पिरिट आणि चिमटा मागितला. काटा ओढून काढला, बोटाच्या पेराएवढा होता. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही.

‘बाबा, इतका मोठा काटा घेऊन चालून राहिलात?’ मी विचारलं.

‘काटा?’ तो वाकून बघू लागला. ‘कुठं हाय वो?’

मी तो काटा डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. ते खुर्चीतून उठले आणि टेबलाला वळसा घालून म्हाताऱ्याजवळ खाली बसले. मी अर्ज उचलला.

बाहेर गुरुजी स्कूटरला टेकून उभे होते. ‘झाली का सही?’ त्यांनी विचारलं.

‘झाली,’ मी म्हटलं. ‘आता पोस्टात चला.’